खिळ्यांविना खोपी

रामाजी पौनीकरांनी तीस वर्षं हातमाग चालवला, मग बारा वर्षं सदर बाजारातल्या एका दुकानात वॉचमनकी केली. हुडकेश्वरला मुलाच्या घरी आल्यावर सुनेने बागेतली कुदळ, पाइप, खताची पोती ठेवायला खोपी मागितली. गच्चीवर त्यांच्याच मोडलेल्या मागाचं सागवान पडूनच होतं.

सहा दिवस म्हातारा एकटाच राबला. खांबाला भोक पाडायचं, त्यात दांडी बसवायची, पाचर ठोकायची, मग कंबर धरून खाली बसायचं. खिळा एक नाही! मी नुसता शेजारी, तरी बघून माझाच जीव वैतागला. शेवटी त्यांची बायको, मनकर्णाबाई, बोलल्या, "खिळे काहून नाही मारून राहिले जी? वाऱ्यानं हालून राहिली ना खोपी."

"मागाले कोणी खिळे मारते का वं? घर बदललं का खोलून न्या लागते. पाच घरं बदलली आपण. दरवेळी खोलून नेला का नाही?"

"आता कुठं नेता?"

रामाजींनी हातातली पाचर खिशात टाकली.

"आण खिळे," ते म्हणाले. "लंबे आण."