नानांच्या पोथ्या आणि पारोळ्याचा कावळा

नाना गेल्याचं कळलं तेव्हा मी धुळ्यात वर्गावर होतो. पारोळ्याहून आलेल्या गाडीवानानं शाळेच्या फाटकाशी सांगितलं, नाना गेले, दहाव्याला या. वाईट वाटलंच. पण खरं सांगतो, दहाव्याला जे पाहिलं त्यानंतर दुःख मागे पडलं आणि किळस तेवढी उरली. महिना होत आला, तोंडाची चव काही परत येत नाही...

नाना म्हणजे जुन्या कागदांपायी वेडा झालेला माणूस. शेती धाकट्या भावावर टाकून शिरपूर, सावदा असे पायी हिंडायचे. पोथ्या, मोडी पत्रं, वैद्यांची बाडं, बायकांकडून उतरवून घेतलेली लग्नातली गाणी, झालंच तर तमाशाच्या जाहिराती आणि कापसाच्या जिनातल्या गठ्ठ्यांवरची चित्रंसुद्धा. जाहिराती कशाला, असं मी विचारलं तर म्हणाले, "मास्तर, उद्या कुठला कागद बोलेल ते आज आपण कोण ठरवणार?" लोक त्यांना रद्दीनाना म्हणत. घरातली पुढची खोली लाल रुमालांत बांधलेल्या गठ्ठ्यांनी आढ्यापर्यंत भरलेली. प्रत्येक गठ्ठ्यात कडुनिंबाचा पाला. त्या खोलीत पाहुण्याला बसायला जागा नसे आणि नानांना त्याचं काही वाटत नसे.

आपल्याकडे जुनी पोथी टाकत नाहीत, नदीत सोडतात. बाप गेला, घरात वाचणारा उरला नाही, की निघाली पोथी तापीवर. श्रद्धा म्हणे! काठावरून नानांनी एकदा एक भिजलेला गठ्ठा उचलून आणला होता. शाई वाहून गेलेली, पानांचा लगदा झालेला, त्यात किडे. नाना रडले नाहीत, बाजूला जाऊन थुंकले. पण लोकांशी भांडले कधीच नाहीत. हात जोडून म्हणायचे, "सोडा की, पण आधी मला एकदा वाचू द्या. वाचून झाली की मीच तापीत सोडतो." लोक खुशीनं देत. आणि नानांचं वाचून कधी होतच नसे! भेटले की मी विचारायचो, झालं का वाचून? ते डोळे मिचकावून म्हणायचे, "कुठलं हो!"

एका वाचनालयाकडे आम्ही दोघं पोथ्यांसाठी एक कपाट मागायला गेलो होतो. चालकांनी नाकाला रुमाल लावला, वाळवी लागेल म्हणाले. आम्ही पायऱ्या उतरलो तरी त्यांचा रुमाल नाकावरच.

दहाव्याला पिंड ठेवला. समोरच्या बाभळीवर कावळे बसलेले, एक उतरेल तर शपथ. ऊन चढलं. नानांचं मन कशात अडकलंय म्हणून जो तो काहीबाही कबूल करू लागला. भाऊ म्हणाला, शेत नीट सांभाळीन. कावळे ढिम्म. मग गावातल्या एका म्हाताऱ्यानं घसा खाकरला, "नानानी जबान बाकी शे. पोथ्या तापीमा सोडसू म्हणे तो." मी पुढं होऊन सांगितलं, अहो, ती जबान नव्हती, पोथ्या वाचवायची युक्ती होती! कोण ऐकतो? मेलेल्या माणसाच्या वाटेत मी आडवा पडलोय अशा नजरेनं सगळे बघत होते. भावानं हात जोडून नानांचा शब्द पुरा करायचं कबूल केलं, आणि त्याच वेळी एक कावळा उतरून भातात चोच मारून गेला. दुपार झाली होती, त्याला भूक लागली होती... बायांनी डोळे पुसले, पुरुष सुटल्यासारखे उठले. मी बाजूला जाऊन थुंकलो.

दुसऱ्या दिवशी सगळ्या पोथ्यांची बैलगाडी भरून तापीकडे निघाली. मी कुणाकुणाच्या पाया पडलो ते माझं मला माहीत. परत आल्यावर भाऊ माझ्याजवळ बसला. "बठ्ठं तापीमायले दी दिन्हं, मास्तर. रद्दीमा नही टाकं," म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं. भाबडा माणूस, त्याच्यावर रागवायचं तरी कसं? तमाशाच्या जाहिराती मात्र तापीच्या लायकीच्या नव्हत्या. त्या तेराव्याच्या चुलीत गेल्या. त्या चुलीवरचं अन्न माझ्या घशाखाली उतरलं नाही. इकडे धुळ्यात शोकसभा झाली. तेच वाचनालयाचे चालक उभे राहून म्हणाले, अमूल्य ठेवा गेला. थू!

एक पोथी तेवढी माझ्याकडे आहे. गुरांच्या औषधांची, शिरपूरकडची. मला मोडी नीट लागत नाही म्हणून सरावाला गेल्या हिवाळ्यात नानांनीच हातात दिली होती, आतला पाला अजून तसाच आहे. परवा पारोळ्याहून भावाचा निरोप आला. एवढी एक राहिली म्हणे, ती दिली की नाना मोकळे होतील. निरोप आणणारा ओट्यावर उत्तराची वाट बघत बसला. मी पोथी उघडली, पाला नीट केला, पुन्हा रुमालात बांधली आणि त्याला सांगितलं, "अजून वाचून व्हायची आहे."

घरच्यांनाही बजावून ठेवलंय. माझ्या पिंडाला कावळा शिवला नाही, तर राहू दे त्याला उपाशी.