म्हशीला वाचून दाखवलेले कागद

मी भासऱ्यांसोबत एकवीस वर्षं एका घरात राहिले आणि त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. भांडण नव्हतं, रीतच तशी होती. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. ते अंगणात आले की धाकट्या सुनेनं पदर पुढे ओढून दाराआड व्हायचं. काही सांगायचं असलं तर सासूला सांगायचं, सासू त्यांना सांगणार. सासू जवळ नसली तर दारासमोर बांधलेल्या म्हशीला सांगायचं, जरा मोठ्यानं. ऐकणाऱ्यानं ऐकायचं आणि ऐकलं नाही असं दाखवायचं. लोक हसतात याला. मलाही हसू यायचं, लग्न होईपर्यंत.

माझं माहेर नेरडीगोंड्याचं. तेव्हा आमचा जिल्हा आंध्रात, शाळा तेलुगू, त्यामुळे दहावीपर्यंत मी तेलुगूच शिकले. सासर इचोड्याजवळच्या खेड्यात, तिथे सगळा कारभार मराठी, तेलुगू अक्षर घरात कुणाला वाचता येत नव्हतं. नवरा मंचेरियलला कोळशाच्या खाणीत कारकून, पंधरा दिवसांनी घरी यायचा. सासू थकलेली, जाऊबाई मी यायच्या आधीच वारलेल्या, म्हणून मला गावातच ठेवलं होतं. शेत भासऱ्यांचं, चूल माझी. आमच्या घरच्या सुना शेतात जात नसत, आणि हे लोक अभिमानानं सांगत.

भासरे शेतीत हुशार, हे मान्य करायलाच हवं. पेट्रोलवर चालणारा फवारणीचा पंप गावात पहिल्यांदा त्यांनी आणला. पाठीवर घ्यायचा, दोरी ओढायची, की सुरू. त्या वर्षी ज्वारीत तण माजलं आणि निंदायला बाया मिळेनात. भासऱ्यांनी इचोड्याहून तणनाशकाची बाटली आणली आणि आठवड्यात ज्वारी चकाचक केली. बघायला माणसं आली. भासरे बांधावर मिशीत हसत उभे होते म्हणे. मी कुठली पाहायला.

मग पऱ्हाटीवर माव्याची कीड आली. पऱ्हाटी म्हणजे आमच्याकडे कपाशी. सकाळी भासरे अंगणात माव्याचं औषध कालवत होते. मी चूल पेटवायला कागद शोधत होते, तर तणनाशकाच्या खोक्यातला घडी केलेला कागद हाती लागला. बारीक तेलुगू अक्षरं. सवयीनं वाचला. हे औषध ज्वारीला सोडतं आणि रुंद पानाचं जे दिसेल ते मारतं. कपाशीला याचा थेंबही सोसत नाही. ज्या पंपानं हे मारलं तो कपाशीला लावू नका. लावायचाच असेल तर सोड्याच्या पाण्यानं रात्रभर भरून ठेवा आणि मग दोन-तीनदा धुवा.

मी दाराच्या फटीतून पाहिलं. पंप तोच होता. धुतलेला होता, पण आपण तांब्या विसळतो तसा.

मी सासूकडे धावले. "आत्याबाई, त्याइले सांगा न, तो पंप पऱ्हाटीले नका लावू मना. कागदात लिवलं हाय, पऱ्हाटी जळते."

सासू शेंगा सोलत होती. तिनं मान वर केली नाही. "काऊन? आता तू त्याले शेती शिकवतं काय? मिसरूड फुटलं नव्हतं तवापासून तो वखर हाकून राह्यला."

"नुसतं सांगा."

"मी नाई सांगत."

राहिली म्हैस. मी दाराआडून, गळ्यात होता नव्हता तेवढा आवाज काढला. "अवं म्हशी, पंपात ज्वारीचं औषध राह्यलं हाय वं! पऱ्हाटीचा नास होते!"

भासऱ्यांचा हात दोरीवर होता. तो थांबला. मी डोळ्यांनी पाहिलं, थांबला. मग त्यांनी दोरी ओढली, आणि त्या आवाजात पुढचं काही कुणाला ऐकू आलं नसतं.

ते दारापासून तीन पावलांवर होते. तीन पावलं टाकायची आणि नळी धरायची, एवढंच काम. माझे पाय उंबऱ्याच्या आतच राहिले. मला त्यांचा राग आला, सासूचा आला, आणि सगळ्यात जास्त माझ्या पायांचा आला. तो अजून गेलेला नाही.

आठ-दहा दिवसांत पऱ्हाटीचे शेंडे आखडले. नवं पान निघे ते भेंडीच्या पानासारखं चिरलेलं. मी पाहिलं ते भासऱ्यांनी खुडून आणलेल्या फांदीवर. कुणी म्हणालं रोग आहे, कुणी म्हणालं बियाणं बोगस, सासूनं मीठ-मिरच्या उतरवल्या. भासरे ती फांदी घेऊन इचोड्याला दुकानदाराशी भांडायला गेले आणि गप्प होऊन परत आले. तिथे काय कळलं ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आता बोलून काय फायदा? दादाले कोन सांगन?" आणि जेवायला बसला. सासूला ते पटलंच नव्हतं, पण खरं काय ते आम्हा तिघांना, मला, नवऱ्याला आणि भासऱ्यांना, ठाऊक होतं. त्यातला एक मंचेरियलला निघून गेला, आणि उरलेल्या दोघांना एकमेकांशी बोलायची सोय नव्हती.

पुढच्या वर्षी भासऱ्यांनी दुसरा पंप आणला आणि जुन्यावर लाल पट्टा ओढला, तो फक्त ज्वारीचा. एका सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीत घडी केलेला कागद दिसला, वर खडा ठेवलेला. तेलुगू. भासरे माझ्याकडे पाठ करून, म्हशीकडे तोंड करून उभे होते. मला कळायला वेळ लागला नाही. मी म्हशीला वाचून दाखवलं. किती पाण्यात किती औषध, वारा असला तर फवारू नका, फवारल्यावर किती दिवस ढोरं सोडू नका. गाढवापुढे वाचली गीता म्हणतात, माझी निदान म्हैस होती. वाचून झालं की भासरे खाकरून निघून जायचे. पुढे प्रत्येक बाटलीचा कागद असाच खिडकीत येऊ लागला.

शेजारीण म्हणायची, "नशीबवान हायस बाई, भासरे तुले इचारून शेती करते." ज्या शेतात काय फवारायचं ते मी सांगत होते, ते शेत मी उभ्या पिकात एकदाही पाहिलं नव्हतं.

म्हैस म्हातारी होऊन आटली तेव्हा भासऱ्यांनी ती विकली. दोनच दिवसांनी खिडकीत कागद. सासू जाऊन दोन वर्षं झाली होती, मुलं शाळेत होती, घरात आम्ही दोघंच. भासरे नेहमीसारखे पाठ करून उभे राहिले. समोर रिकामा खुंटा.

मी कागद उघडला. आता सांगायचं कुणाला? मला वाटलं, आज हे वळतील. त्यांनाही वाटलं असेल, आज ही बाहेर येईल. त्यांचे खांदे जरा हलले. माझा एक पाय उंबऱ्यावर गेला.

मग मी पाय मागे घेतला, पदर पुढे ओढला आणि खुंट्याला म्हटलं, "हे औषध लय इखारी हाय. तोंडाले फडकं बांधजा."

भासऱ्यांनी खुंट्याकडे पाहून मान हलवली.