मापात नापास झालेली भाची

कारखान्यात त्यांना सगळे मापवाल्या ताई म्हणत. बावीस वर्षं त्या तयार झालेले सुटे भाग मोजत आल्या होत्या. केसाइतका फरक निघाला तरी भाग परत. तिथं कुणाची भीडमुर्वत नाही. नव्या उमेदवारांची परीक्षाही त्याच घेत.

एकदा परीक्षेला त्यांची सख्खी भाची आली. विज्ञानाच्या प्रात्यक्षिकात पैकीच्या पैकी गुण. ताईंनी तिच्या हातात बारीक माप घ्यायचा व्हर्निअर दिला, तर पोरीनं तो उलटाच धरला.

"अगं, शाळेत कधी हाताळला नाहीस?"

"तो कपाटात असतो, मावशी. आम्ही फळ्यावरचं चित्र वहीत उतरवायचो. मापंसुद्धा फळ्यावरचीच."

ताईंनी तिला नापास केलं. "मावशी असून पोरीच्या पोटावर पाय दिलास," म्हणत बहिणीनं अबोला धरला. चूक पोरीची नव्हती, हे ताईंना कळत होतं. मग कुणाची?

अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्या भाचीच्या शाळेत गेल्या. विज्ञानाच्या सरांनी कपाट उघडलं. आत सहा व्हर्निअर, तेलकट कागदात गुंडाळलेले, कोरे करकरीत.

"मोडला तर जाब द्यावा लागतो," सर म्हणाले. "आणि पन्नास पोरांत मी एकटा."

मग ताईंनी शिक्षणाधिकाऱ्यांना गाठलं. ते म्हणाले, "कुलूप लावा असं आम्ही कधी सांगितलं? कारखान्यांना काय हवंय, तेही कुणी येऊन सांगत नाही." कारखान्याचे साहेब दरवर्षीचंच म्हणाले, "पोरांना काही येत नाही." तिघेही खरंच बोलत होते; फक्त एकमेकांशी नव्हे, ताईंशी.

हातापाया पडून ताईंनी तिघांना एका शनिवारी शाळेच्या प्रयोगशाळेत जमवलं. अधिकारी भाषणासाठी घसा खाकरत होते, तेवढ्यात ताईंनी एक खिळा आणि कपाटातला व्हर्निअर पुढं केला. "आधी हा मोजा, मग बोलू."

तिघांची तीन उत्तरं आली. साहेबांचं तर सगळ्यात चुकीचं. ते ओशाळून हसले. सर हळूच म्हणाले, "मीही पंधरा वर्षांत हातात घेतला नव्हता."

मग बोलणं सरळ झालं. वापरताना उपकरण मोडलं तर जाब विचारणार नाही, असं पत्र अधिकाऱ्यांनी तिथंच लिहून दिलं. साहेबांनी पोरांना मोजायला बाद झालेले भाग पाठवायचं कबूल केलं आणि दर शुक्रवारी दुपारी ताईंना शाळेसाठी मोकळं सोडलं. सरांनी वर्गाच्या दोन तुकड्या केल्या.

पहिल्याच महिन्यात दोन व्हर्निअर मोडले. सरांचा चेहरा उतरला, पण कारखान्यानं ते दुरुस्त करून दिले. भाचीही शुक्रवारी यायची, लहान पोरांमागं अवघडून बसायची. तीन महिन्यांनी तिनं पुन्हा परीक्षा दिली. या वेळी ताई बाजूला झाल्या. परीक्षा दुसऱ्या तपासनिसानं घेतली.

निकालाच्या संध्याकाळी बहिणीचा फोन आला. पोर पास झाल्याचं ती बोललीच नाही. "उद्या इकडंच जेवायला ये," एवढंच म्हणाली.