दोरीच्या आतली खुर्ची

उदगीरच्या किल्ला इलेव्हन या हॉकी संघाला हरायची सवय लागली ती गेल्या नऊ-दहा वर्षांत. पण हरल्यावर दोषी शोधायची सवय गावाला फार जुनी. आणि त्या कामात देविदास बिरादारचा हात धरणारा कुणी नव्हता.

देविदासचं स्टेशन रोडला सायकल-मोटारसायकलचं पंक्चरचं दुकान. वय चोपन्न. स्वतः आयुष्यात एकदाच हॉकी स्टिक हातात धरली, तीही कुत्रं हाकलायला. पण मॅच असली की दुकानाला फळी लावून तो मैदानावर पहिला हजर. गोलपोस्टच्या मागं दोरी बांधलेली असायची, त्या दोरीला पोट टेकवून तो उभा राहायचा आणि तिथून कोचला कोचिंग द्यायचा. आवाज असा, की देगलूर रोडच्या बसमधली माणसं खिडकीतून डोकं काढून बघायची.

या गावात कोचचा सत्कार करायची एक रीत होती. संघ लागोपाठ तीन मॅच हरला, की दुसऱ्या दिवशी कोचसाहेब दूध घ्यायला बाहेर येत आणि त्यांच्या फाटकाला फाटक्या ट्यूबांचा हार लटकलेला दिसे. हार कोण करतो हे गावात कुणालाच माहीत नव्हतं, म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. उदगिरात एवढ्या फाटक्या ट्यूबा एका जागी दुसरीकडं कुठं मिळणार? नऊ वर्षांत चार कोच झाले, चौघांचाही सत्कार झाला.

चौथे आनंदराज सर. शाळेत खेळ शिकवायचे. आवाज मऊ, शिवी द्यायची तर आधी पाणी पिणारे. त्यांच्या सत्कारानंतर गावानं नेहमीपेक्षा जरा जास्तच मनावर घेतलं. सर वर्गात शिरले की पोरं तोंडानं 'फुस्स' करायची. त्यांच्या बायकोला, उमादेवीला, भाजीबाजारात कुणीतरी म्हणालं, "वैनी, सरांत हवा भरून आणा." दोन महिन्यांत सरांनी संस्थेच्या निलंग्याच्या शाळेत बदली मागून घेतली. संघाचे म्यानेजर होते आडतीवाले सिद्धेश्वर शेठ. त्यांनी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि ग्रुप सोडला.

आता नांदेडची स्पर्धा तोंडावर. गुरुवारपर्यंत फॉर्म पाठवायचा, त्यावर कोच आणि म्यानेजर यांची नावं पाहिजेत, नसतील तर संघ घरी. म्हणून रविवारी सकाळी हणमंतरावच्या चहाच्या हॉटेलात पाठीराख्यांची सभा बसली. हणमंतराव सभेचे अध्यक्ष, कारण खुर्च्या त्यांच्या होत्या.

"नांदेडचे ते सरदारजी आणा की," रेल्वेचा रिटायर गेटमन सुदाम म्हणाला. "काय पेनल्टी कॉर्नर मारतेत! डोळे झाकून."

"आता झाकूनच मारावं लागंल, काका. मोतीबिंदू झालाय त्यांना," बजरंग म्हणाला. बजरंगचं मोबाइलचं दुकान. ग्रुपचा ॲडमिन तोच, त्यामुळं वय तीस असूनही त्याला मान होता.

"मंग हैदराबादचा एखादा?"

"त्यो पयलं खायला काय हाय ते विचारंल, मग टीमचं."

"म्यानेजर मला करा," हणमंतराव कढईतली भजी उलटत म्हणाले. "माझं काय वाईट हाय?"

"तुमी मॅच चालू असताना बी मैदानात कढई मांडताल, मालक."

देविदास खदखदून हसत होता. असल्या सभेत त्याचा जीव रमायचा. बशीत चहा ओतून त्यानं पहिला घोट घेतला, तेवढ्यात बजरंग सहज म्हणाला, "मी म्हणतो, उज्वलाताई का नको?"

बशी कलंडली. चहा देविदासच्या पायजम्यावर सांडला, तो चटकाही त्याला जाणवला नाही.

उज्वला त्याची थोरली. बी.पी.एड. झालेली, विद्यापीठाकडून खेळलेली, आता मुलींच्या शाळेत नोकरीला. तिच्या पोरी मागच्या वर्षी विभागात दुसऱ्या आल्या होत्या. गावात हॉकी कळणारं माणूस तिच्याशिवाय उरलं नव्हतं, हे देविदासला बाकीच्यांपेक्षा चांगलं ठाऊक होतं. पण त्याच्या डोळ्यांपुढं हॉकी आली नाही. त्याच्या घराचं हिरवं फाटक आलं. शाळेत 'फुस्स' करणाऱ्या पोरी आल्या. ज्या चौकातून उज्वला रोज स्कूटी घेऊन जायची तो चौक आला, आणि चौकात उभी असलेली, दात काढणारी माणसं आली. त्या माणसांचे चेहरे त्याला नीट दिसत होते. ती त्याच्या आजूबाजूलाच बसून भजी खात होती.

"पोरगी हाय ती," तो म्हणाला.

"घ्या!" सुदाम म्हणाला. "मागल्या साली तूच चौकात वरडत हुतास न्हवं, पोरगी न्हाई वाघीण हाय म्हणून?"

"वाघीण येगळी आन कोच येगळा."

सगळे हसले. देविदासनं पायजम्यावरचा चहा झटकला. काहीतरी मोठं बोलल्याशिवाय हे थांबणार नाही असं त्याला वाटलं आणि तोंडाला येईल ते तो बोलून गेला, "तिचं लगीन जमायलंय. लातूरला."

"लातूरला? कुणाच्यात?"

"हायेत एकजण."

हणमंतरावनं झारा थांबवून त्याच्याकडं बघितलं. "देव्या, तुझ्या तोंडाला कदी कुलूप नसतंय. आज काय झालं? पोरीला भ्यायलास का आमाला?"

देविदास हसला, पण ते हसू काही जमलं नाही.

घरी पोचेपर्यंत लातूरचं स्थळ त्याच्या आधी घरी पोचलं होतं. बायको शीला दारातच उभी. "अहो, लातूरचे कोण हो? सुदामभाऊजीच्या बायकोनं मला पेढे मागितले."

उज्वला आत पलंगावर बसून बुटाच्या नाड्या सोडत होती. तिला हसू आवरत नव्हतं. "आप्पा, निदान पोरगा काय करतो तेवढं तरी ठरवून सांगायचं. मला लोकायनी विचारलं तर मी काय सांगू?"

"कोच व्हायला तू न्हाई म्हण त्यायला," देविदास म्हणाला.

"मी हो म्हणलंय. बजरंगनं कालच विचारलं. एक अट घातलीय, ती फॉर्म भरताना सांगीन." हसणं थांबवून ती म्हणाली, "तीन वर्षांपासून वाट बघत होते मी. गडी पोरायला शिकवायला मला कोण देणार होतं? आता मिळायलंय तर तुमीच आडवे पडायलेत."

"लोक लई वाईट असतेत, उज्वला."

"कोण लोक, आप्पा?"

याचं उत्तर देविदासला येत होतं. मोरीत जाऊन तो बराच वेळ पाय धूत राहिला.

सोमवारी दुकान बंद ठेवून तो निलंग्याच्या एसटीत बसला. एकच उपाय त्याला सुचला होता: आनंदराज सरांचे पाय धरायचे आणि त्यांना परत आणायचं. सर कोच झाले की उज्वला सुटली. मग सर हरले तर काय, हा विचार बसमध्ये दोनदा आला. दोन्ही वेळा देविदासनं खिडकीबाहेर बघितलं. बाहेर ऊस होता. स्टँडवर उतरून त्यानं डझनभर केळी घेतली, पिशवीत घातली आणि विचारत विचारत घर गाठलं.

फाटक उमादेवीनं उघडलं. अर्धंच. देविदासला ओळखताच तिचा चेहरा पांढरा पडला. तिनं फक्त त्याच्या हाताकडं बघितलं.

"पिशवीत काय हाय?"

"केळी हायेत, वैनी."

"दाखवा."

देविदासला वाटलं चेष्टा आहे. पण ती फाटक तसंच धरून उभी होती. भरदिवसा, रस्त्यावर, येणारी-जाणारी माणसं बघत असताना त्यानं पिशवीचं तोंड उघडलं. तिनं वाकून आत बघितलं. एक फणी उचलून खालीसुद्धा बघितलं. मग बाजूला झाली.

आयुष्यात देविदासला बऱ्याच जणांची भीती वाटली होती. पोलिसाची, सासऱ्याची, एकदा पिसाळलेल्या म्हशीची. पण आपल्याला बघून कुणाला भीती वाटते, हे त्यानं पहिल्यांदा बघितलं. सरांपुढं बसल्यावर पाण्याचा तांब्या त्यानं तसाच खाली ठेवला.

"सर, माघारी चला," तो म्हणाला. "पाया पडतो."

आनंदराज सर नेहमीसारखे मऊ आवाजात बोलले. "देविदास, त्या सकाळी मी हार लगेच काढला नव्हता. आधी मोजलं. सात ट्यूबा होत्या. एकीवर पिवळं ठिगळ होतं. ती माझ्याच सायकलची ट्यूब होती. पंधरा दिवसांआधी तूच बदलून दिली होतीस. जुनी टाकून देऊ का म्हणालास, मी म्हणालो दे टाकून."

देविदासनं मान खाली घातली. त्यानं ते मुद्दाम केलं नव्हतं. ढिगातून हाताला आल्या तशा ट्यूबा ओवल्या होत्या. पण 'मुद्दाम केलं नव्हतं' हे आता कुठल्या तोंडानं सांगायचं?

"मी येणार नाही," सर म्हणाले. "शाळेचा संघ घेऊन कुठं जायचं असलं तरी दुसऱ्याला पाठवतो. शिट्टी वाजली की मला ते फाटक दिसतं."

"मंग उज्वलाला तरी न्हाई म्हणायला सांगा. तुमचं ऐकती ती."

"तिला हो म्हण असं मीच सांगितलं. परवा फोन आला होता तिचा. हिच्याइतकी हॉकी मी उदगिरात कुणात बघितली नाही, माझ्यात बी नाही. आणि अटही मीच सुचवली. म्यानेजर म्हणून आप्पाला बसव म्हणालो. दोरीच्या आत."

देविदासनं वर बघितलं. "सूड उगवताय का, सर?"

"सूड उगवायचा असता तर तुला दोरीबाहेरच ठेवला असता. पोरीला शिव्या देणाऱ्यांच्या मधी उभा."

गुरुवारी हॉटेलात फॉर्म भरला. कोच: उज्वला देविदास बिरादार. म्यानेजरच्या रकान्यात देविदासनं सही केली, ती शेवटी जरा वाकडी गेली. टाळ्या पडल्या. हणमंतरावनं त्याच्या पाठीत थाप मारली. "म्यानेजरसायेब! आता आमी ट्यूबा कुठून आणाव्या?"

"निलंगा रोडला नवं दुकान झालंय, मालक," बजरंग म्हणाला.

हसण्यानं हॉटेल दणाणलं. देविदासही हसला. आपल्या माणसांचं हसू एवढं मोठं असतं आणि त्यात दात एवढे असतात, हे त्याच्या ध्यानात आजवर आलं नव्हतं.

नांदेडला पहिल्या मॅचमध्ये किल्ला इलेव्हन तीन-एकनं हरलं. दुसऱ्यात दोन-एकनं. खेळ आधीपेक्षा बरा होता, पासिंग दिसत होतं, हे नांदेडची माणसंसुद्धा म्हणाली. पण उदगीरची पन्नास माणसं टेम्पो करून आली होती ती पासिंग बघायला आली नव्हती. तिसऱ्या मॅचच्या सकाळी गोदावरीच्या घाटावर देविदासनं डोळे मिटून हात जोडले, आणि काय मागायचं तेच त्याला सुचेना. जिंकू दे म्हणावं तर पोरांची तयारी कमी. माणसं सुधारू दे म्हणावं, तर ते मागणारा तो कोण?

दोरीच्या आत दोन खुर्च्या होत्या. उज्वला खुर्चीवर बसतच नव्हती, रेषेलगत उभी राहून पोरांना हात करत होती. देविदास बसला होता, पाठ माणसांकडं. पाठीमागं कोण कुठं उभं आहे हे त्याला वळून न बघता सांगता आलं असतं. शेवटच्या क्वार्टरची सात मिनिटं राहिली आणि किल्ला इलेव्हनवर गोल झाला. एक-शून्य.

मागची माणसं गप्प झाली.

ओरडली असती तर देविदासला बरं वाटलं असतं. ही शांतता त्याच्या ओळखीची होती. आनंदराज सरांच्या शेवटच्या मॅचला हीच पडली होती; त्यावेळी तो स्वतः तिच्यात उभा होता आणि पहिला शब्द कोणता टाकायचा याची मनात निवड करत होता. आता ती निवड मागं कुणीतरी करत होतं. बहुतेक सुदाम. नाहीतर हणमंतराव. आणि त्यांच्या सरळ रेषेत, वीस पावलांवर, निळ्या टी-शर्टमध्ये उज्वला उभी होती. तिला काही कळत नव्हतं. ती डाव्या बाजूच्या पोराला म्हणत होती, "पुढं सरक, घाबरू नको, वेळ हाय अजून."

देविदास उठला. काय करायचं ते त्यानं ठरवलं नव्हतं. चार पावलं सरकून तो उज्वलाच्या आणि दोरीच्या मधोमध जाऊन उभा राहिला, मैदानाकडं पाठ करून, माणसांकडं तोंड करून. पन्नास चेहरे. सगळे ओळखीचे. एकेकाच्या सायकलीची चाकं त्यानं कितीदा खोललेली.

"ए म्यानेजर!" सुदाम गरजला. "मधून हट की! काय बी दिसंना!"

"बस खाली, देव्या!" हणमंतराव ओरडले. "फुकटचा आडवा उभा राहिलास तिथं!"

"आप्पा," उज्वला मागं न बघता म्हणाली, "बसा की. लोक वरडायलेत."

"वरडू दे," देविदास म्हणाला. त्याचा आवाज एवढा बारीक निघाला की त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. "तू खेळाकडं बघ."

एक पाण्याची बाटली येऊन त्याच्या छातीला लागली. मग त्याच्याच नावानं शिव्या सुरू झाल्या. त्यातल्या निम्म्या त्यानंच या माणसांना शिकवलेल्या होत्या. त्यानं दोन्ही हात मागं बांधून घेतले आणि तो तिथंच उभा राहिला. सहा मिनिटं बाकी होती.