वरणाची बादली

माझ्या हातातली वरणाची बादली त्यांनी काढून घेतली. हसत हसत काढून घेतली.

"तू कुठे वाढतेस? तू तिकडे बस, त्या लोकांत. आज तुमचा मान."

बोलणारे नाना. आमच्या चर्चच्या मंडळीतले, सेवा समितीचे प्रमुख. सगळ्यांदेखत बोलले.

धुळ्यातलं आमचं चर्च. डिसेंबरातलं प्रीतिभोजन. पहाटेपासून मी बट्ट्यांच्या परातीशी होते. कणीक मळली, बट्ट्या उकडल्या, तळल्या. बोटं पोळली, हळद लावली, परत बसले. तोवर कोणाला माझी अडचण नव्हती. पंगत बसली, मी बादली उचलली, आणि झाली. गरज सरो, वैद्य मरो.

'ते लोक' म्हणजे मदत घेणारे. विधवा, आजारी, काम सुटलेले. मांडवात पुढे त्यांची वेगळी सतरंजी. त्यांना जुन्या मिशन कंपाऊंडातल्या, पिढ्यान्‌पिढ्यांच्या ख्रिस्ती घरांनीच आपल्या हातानं वाढायचं, अशी आमच्याकडची रीत. वाढताना फोटो. मग एकेकाला उभं करून ब्लँकेट. मग टाळ्या. टाळ्या वाढणाऱ्यांसाठी.

मी साक्रीकडची, भिलाची लेक. नवरा गेला तेव्हा मंडळीनं काही महिने तेल-तांदूळ दिलं. नाकारत नाही. पोरं त्यावर जगली. पुढे दवाखान्यात आयाचं काम लागलं, तेव्हा आता नको, असं मीच जाऊन सांगितलं. तेल-तांदूळ थांबलं. सतरंजी थांबली नाही. दर डिसेंबरात मला तिथंच बसवायचे. एकदा घेतलं की माणूस जन्माचा घेणारा. बाप्तिस्म्यानं जात धुतली जाते म्हणतात. आमची धुतली, आणि जुन्याच दोरीवर वाळत घातली.

मंडळीत कोणी अंथरुणाला खिळलं की निरोप मात्र मला. अंग पुसायला मी. कूस बदलायला मी. पाठीला जखम झाली तर धुवायला मी. पैसे घेत नाही, ती माझी सेवा. पण कोणाकडे जायचं, कोणाला काय हवं, हे ठरवणाऱ्या बैठकीत मला कधी बोलावलं नाही. वार्षिक सभेत नाना सांगायचे, "समितीनं आजाऱ्यांची सेवा केली."

त्या दिवशी सकाळच्या उपासनेत पाळकांनी बायबलातली पहिल्या मंडळीची गोष्ट सांगितली होती. रोजच्या वाटपात काही विधवांना डावलायचे. तक्रार झाली. मग सेवेसाठी सात जण निवडले, आणि ते डावललेल्यांच्यातलेच असावेत, असं पाळक म्हणाले. सगळे आमेन म्हणाले. नानांचं आमेन सगळ्यांत मोठं. ते ऐकूनच दुपारी मी बादली उचलली होती.

तरी मी सतरंजीवर बसले. हो, बसले. सवय वाईट. समोर ताट आलं. मीच तळलेली बट्टी, वर तूप. नाना माझ्यापुढे वाकले, फोटोवाल्याकडे बघत म्हणाले, "हस जरा."

ते मला सोसलं नाही. मी उठले.

"नाना, माझ्या हातची बट्टी चालते. माझ्या हातानं वाढलेलं का चालत नाही?"

"गैरसमज करून घेऊ नकोस. प्रेमानंच बसवलं ना तुला?"

"मग तुम्ही बसा. मी प्रेमानं वाढते."

ते बसले नाहीत. सतरंजीवरचंही कोणी उठलं नाही. माना खाली घालून बट्टी कुस्करत राहिले. त्यांच्यावर राग नाही, ब्लँकेटं अजून वाटायची होती. मी उपाशी घरी आले. खूप रडले. भुकेनं नाही. मागे कोणीच आलं नाही म्हणून.

दुसऱ्या दिवशी अक्कांकडे गेले. अक्का कंपाऊंडातल्याच, म्हाताऱ्या, पडून असतात. त्यांना मीच आंघोळ घालते. वाटलं, ह्या तरी म्हणतील, बरं केलंस. पाठीवर पाणी ओतत होते तेव्हा म्हणाल्या, "तुना हातले गुण शे माय. पण बठी ऱ्हाती तं काय बिघडतं?"

मी त्यांची पाठ कोरडी केली, पावडर लावली. बसून राहिले असते तर काय बिघडलं असतं म्हणे! इतकं एकटं मला नवरा गेला तेव्हाही वाटलं नव्हतं.

जानेवारीत समितीची निवड होती. आमच्यात नाव एकानं सुचवायचं, दुसऱ्यानं अनुमोदन द्यायचं. माझं नाव सुचवा म्हणत मी घरोघर फिरले. सतरंजीवर माझ्या शेजारी बसणाऱ्या आबांनी दार अर्धंच उघडलं. "बठ्ठं खरं शे बेटा. पण मनं नाव लेऊ नको." सगळं खरं, फक्त त्यांचं नाव मध्ये नको.

शेवटी सभेत मी स्वतःच उभी राहिले. माझं नाव मीच सांगितलं.

"अनुमोदन?" नानांनी विचारलं.

एकही हात वर झाला नाही. अक्कांच्या मुलाचाही नाही.

"नाव बाद. पुढचं नाव."

मी म्हणाले, "थांबा. आजाऱ्यांचं अंग पुसायला मी येत राहीन. माणूस घाणीत पडलेलं मला बघवत नाही. पण ते समितीचं काम म्हणून यापुढे सांगायचं नाही. सांगितलं, तर भर सभेत उठून खोटं म्हणेन."

आता रविवारी माझ्या बाकावर कोणी बसत नाही. मी जाते. चर्च कोणाच्या बापाचं नाही. पुढच्या जानेवारीत माझं नाव मीच सांगणार. बाद होईल. त्याच्या पुढच्या वर्षी परत सांगणार. गरजू कोण हे ठरवणाऱ्या टेबलाशी गरजेतून गेलेलं एक तरी माणूस बसेपर्यंत सांगत राहणार.

नाना लोकांना सांगतात, ती बाई फार हट्टी झालीय.

झालेय.