काळी वायर

विठ्ठलवाडीला गाड्यांची वायरिंग करणारा एक जण आहे. इंडिकेटर वाजायला लागला की तोही जिभेने टिकटिक करत डॅशबोर्डखाली डोकं घालतो. मालक काय सांगतोय ते त्यानंतर ऐकतो.

बाबा गेल्यावर त्यांची जुनी गाडी मी त्याच्याकडे नेलेली. इंडिकेटर दिला की पेट्रोलचा काटा नाचायचा, ब्रेक दाबला की डॅशबोर्डचे दिवे मंद व्हायचे. बराच वेळ टिकटिक करून तो आतूनच म्हणाला, "ताई, हिला अर्थच राहिला नाही."

घरचेही तेच म्हणत होते, भंगारात दे म्हणून. माझे डोळे भरून आले.

त्याने डोकं बाहेर काढलं, मला बघितलं आणि गडबडला. "अहो, अर्थ म्हणजे ही काळी वायर. बॉडीला लागते ती. तिथे गंज चढलाय, म्हणून करंट भलत्याच वायरीत शिरतो." त्याने गंज घासला, वायर आवळली. काटा शांत झाला.

अजून मी त्याच्याकडेच जाते. बाकी गिऱ्हाइकांशी बोलताना तो 'अर्थ' म्हणतो. मला मात्र 'अर्थिंग' म्हणतो, आणि तेवढ्यापुरती टिकटिक थांबवतो.