माझ्या वाट्याची बादली

काल फोनवर तू विचारलंस, "आजी, इथे थंडी सुरू झाली. उन्हाळाभर बाहेर ठेवलेली ऑर्किड आत घेते आहे, पण कुंडीत मुंग्या आहेत. काय करू?" मी एका वाक्यात उत्तर दिलं: कुंडी बादलीत बुडव, मुंग्या आपोआप वर येतील. तुझ्याकडे नळ सोडला की बादली भरते. मला त्या एका बादलीसाठी भांडावं लागलं होतं. ते तुम्हा दोघा भावंडांसाठी लिहून ठेवते.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. कचेऱ्यांवरच्या पाट्यांचा रंगही वाळला नव्हता. तुमच्या आजोबांची नांदेडहून बदली झाली आणि आम्हाला सरकारी क्वार्टर मिळालं. दोन खोल्या, न्हाणी, वर पत्रे आणि पुढे एक कडुलिंब. मला मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायचं काम मिळालं. सामानात माझ्या चार ऑर्किडच्या कुंड्या होत्या. माझे वडील किनवटच्या बाजूला शाळामास्तर होते. तिकडे रस्त्यासाठी मोहाचं झाड पाडलं, तेव्हा त्याच्या फांदीवरून ही रोपं त्यांनी सोडवून आणली होती. कुंडीत माती नव्हती, नुसते कोळशाचे आणि विटांचे तुकडे. सासूबाई त्यांना बांडगूळ म्हणायच्या.

"आत्याबाई, बांडगूळ झाडाचा रस पितं. हे फक्त बसायला जागा मागतं."

"बसाय जागा मागणारेच पुढं जेवायला बी मागत्यात," असं त्यांचं उत्तर.

गुढीपाडव्यापासून कुंड्या कडुलिंबाला टांगलेल्या होत्या, कारण उन्हाळ्यात पत्र्याखाली घराची भट्टी होई. त्या वर्षी पाऊस जवळजवळ आलाच नाही. दिवाळी तोंडावर आली तरी टँकर चालू होता. घरटी सहा घागरी मिळत. वाटपाचं काम कोपऱ्यातल्या क्वार्टरमधल्या वहिनींनी स्वतःकडे घेतलं होतं. त्यांचा एक नियम होता: जो झाडांना पाणी घालताना दिसेल, त्याची एक घागर बंद. नियम वाईट नव्हता. त्यासाठी मीही हात वर केला होता. माझ्या झाडांवर मी तांदूळ धुतलेलं पाणी शिंपडत असे, एवढंच.

मग कोरडा गार वारा सुटला आणि झाडं आत घ्यायची वेळ आली. जागा मी ठरवून ठेवली होती, न्हाणी. सगळ्यांच्या आंघोळीची वाफ तिथे फुकट मिळणार होती. पण चारही कुंड्यांत मुंग्यांनी घर केलेलं, आणि सासूबाई खाली जमिनीवर निजत. मुंग्या बाहेरच काढायला हव्या होत्या. त्यासाठी भरलेली बादली हवी होती.

आमच्या घरात आंघोळीला माणशी एक बादली, तीही एक दिवसाआड. रविवारी माझी बादली मी अंगणात आणली आणि पहिली कुंडी बुडवली. तोंडात पांढरी अंडी धरून मुंग्या भराभर वर आल्या. तेवढ्यात वहिनी फाटकात उभ्या.

"बाई, हे काय करून राहिल्या? लोकांला प्यायला न्हाई आन् तुमी फुलं न्हाऊ घालता?"

"मुंग्या काढते आहे."

"उद्यापासून तुमची एक घागर बंद. शिकलेल्या बाईला काय सांगावं!"

माझ्या आईला गावच्या विहिरीवर चढू देत नसत. कोणी वरून ओतेल तेवढंच पाणी घ्यायचं, आणि ते कशाला वापरलं याचा जबाबही द्यायचा. मी लहान असताना आमच्या घराने धम्म स्वीकारला. त्यानंतर आईने त्या विहिरीसमोर कधी ओंजळ धरली नाही. मी तिची मुलगी. एका घागरीसाठी विनवणी करणार नव्हते.

"वहिनी, ही बादली माझ्या आंघोळीची आहे. आणि माझी आंघोळ अजून व्हायची आहे," मी म्हणाले.

उरलेल्या तीन कुंड्या मी एकेक करून बुडवल्या. घड्याळ बघून प्रत्येकीला पाच मिनिटं. घाई केली नाही. वहिनी हलल्या नाहीत, आणखी दोघी येऊन त्यांना मिळाल्या. मग ते काळं पाणी मी जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळलं, बादली न्हाणीत नेली, दार लावलं आणि डोक्यावरून न्हाले. तांब्या मुद्दाम उंच धरला, बाहेर ऐकू जावा म्हणून.

बाहेरून सासूबाईंचा आवाज आला. "आयकू येतंय न्हवं? मोजा तांबे. माज्या सुनंनं थेंब सांडला न्हाई."

"अवो, पर मुंग्यांच्या पाण्यानं?"

"मुंग्या तिच्या, डोस्कं तिचं. तुमाला काय चावल्या का?"

मी ओल्या केसांनी बाहेर आले. एक मुंगी कानामागे चावत होती. त्या तिघी जाईपर्यंत मी तिथे हात नेला नाही.

कुंड्या न्हाणीत टांगल्या. "आता आंगुळीला बी डोक्यावर बांडगूळ," सासूबाई पुटपुटल्या, पण दोरीची गाठ पक्की आहे का ते त्यांनी स्वतः ओढून बघितलं.

सोमवारी टँकर आला. मी सहाच्या सहा घागरी रांगेत लावल्या. पाच भरल्या. सहावीपाशी वहिनींनी पाइप उचलून धरला आणि माझ्याकडे पाहिलं. मी घागर वीतभर पुढे सरकवली आणि तिथेच उभी राहिले. वहिनींनी पाइप खाली घागरीत सोडला.

ती घागर मी घरी नेली, आणि कशाला वापरली ते कोणालाही सांगितलं नाही.